तोपर्यंत

टकर्स क्रॉसिंग, मिसिसिपी
७ फेब्रुवारी २०२३

कोरीन,

लॉटीचा शाळेतला फोटो मिळाला. फ्रीजवर लावलाय. नाक आमच्या टार्प्लींचं घेतलंय माझ्या नातीने, तेवढं माफ कर.

आता मुद्द्याचं. तू बातम्या ऐकल्यास की नाही, माहीत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या अपील कोर्टाने गुरुवारी निकाल दिला. बायकोला धोका आहे म्हणून जजने ज्याला लांब राहायचा हुकूम केलाय, त्याने बंदूक बाळगायची नाही, असा जो देशाचा कायदा होता, तो घटनेत बसत नाही म्हणे. त्या कोर्टाच्या हाताखाली तीन राज्यं येतात. टेक्सस, लुइझियाना आणि आपलं मिसिसिपी. आपल्या राज्याचा स्वतःचा असा कायदा आहे का, ते पाहिलं. नाही.

हार्लन रविवारी चर्चमधून जेवायला आला. कोंबडीचे चार तुकडे खाल्ले, बोटं पुसली आणि म्हणाला, "ममा, तो तुझा कागद काढ बरं."

कागद तुला पाठ असेल. 'माझा मुलगा हार्लन याच्या तीन बंदुका, कायदा त्याला मनाई करतो तोपर्यंत, माझ्या ताब्यात राहतील.' तुझ्या वकिलाला 'जज लेखी सांगेपर्यंत' असं हवं होतं. मीच म्हटलं, एवढं लांबण कशाला, कायदा काय उद्या बदलणार आहे? एकतीस वर्षं कोर्टाच्या तळघरात लोकांची खरेदीखतं टाइप केली, त्याचा तोरा. जज मेबरी हसले आणि म्हणाले, वीडा म्हणते तसं.

हार्लनने बोट ठेवून दाखवलं. 'तोपर्यंत'. म्हणाला, "झालं की तोपर्यंत."

मी त्याला सांगितलं, विचार करते. तुला आधी कळवायला हवं म्हणून लिहितेय.

वीडा

•

मेम्फिस
१३ फेब्रुवारी २०२३

मिस वीडा,

देऊ नका.

मी कुठे राहते ते सांगत नाही, पत्रं माझ्या वकिलाच्या पत्त्यावरच पाठवत जा; पण पोस्टाच्या शिक्क्यावर मेम्फिस दिसतंच. इथे टेनेसीत तो कायदा अजून चालू आहे. आमचं अपील कोर्ट वेगळं. म्हणजे एकच माणूस, एकच बंदूक, हायवेवर टेनेसीची पाटी लागते तिथपर्यंत तो सज्जन, आणि पाटीच्या पुढे गुन्हेगार. मी वकिलाला दोनदा विचारलं. ती म्हणाली, हो, असंच.

ती म्हणाली, कोर्टाने एवढंच पाहिलं की जुन्या काळी असा काही कायदा होता का. बंदुकीचा हक्क घटनेत आला त्या १७९१ च्या सुमाराला बायको घाबरते म्हणून नवऱ्याची बंदूक कोणी काढून घेत नव्हतं, म्हणून आताही घेता येत नाही. त्या काळी बायकोचं स्वतःचं काय होतं हो? तुम्हाला माहीत असेल, तुम्ही कोर्टाच्या जुन्या वह्यांमध्ये जन्म घालवलाय.

मी त्या संध्याकाळबद्दल परत लिहिणार नव्हते. पण तुम्ही विसरला असाल तर. हार्लनने पिस्तूल जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तोंड माझ्याकडे करून, आणि मासा खात बसला. मधेच म्हणाला, मीठ दे. मी दिलं. मीठ देतानाच त्याने मनगट धरलं आणि पिरगळलं. मी लॉटीला घेऊन एका हाताने गाडी चालवत तुमच्याकडे आले. तुम्ही केसांना रोलर लावून दार उघडलंत आणि काही विचारलं नाहीत. जजला द्यायचा जबाब मी तुमच्या टाइपरायटरवर डाव्या हाताने टाइप केला. त्यात एकही मोठं अक्षर नव्हतं, कारण शिफ्ट दाबायला दुसरा हात लागतो. तुम्ही म्हणालात, "असं कोर्टात देतात का, पोरी?" आणि पेनाने एकेक नाव मोठ्या अक्षराचं करून दिलंत.

त्या बंदुका तुम्ही देणार नाही, एवढं मला माहीत आहे.

कोरीन

•

टकर्स क्रॉसिंग
४ मार्च २०२३

कोरीन,

दिल्या.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग कोर्टात गेले, पर्लकडून किल्ली घेतली (माझ्या जागी आता पर्ल आहे, चांगली मुलगी, पण फार च्युइंगम खाते) आणि सर्वांत जुनी वही काढली. १८३७ ची. जमीन विकायची तर बायकोचीही सही लागायची. सहीच्या वेळी कारकून तिला नवऱ्यापासून बाजूला दुसऱ्या खोलीत न्यायचा आणि विचारायचा. मग वहीत लिहायचा, 'नवऱ्याची भीती, धाक किंवा जबरदस्ती यांशिवाय तिने सही केली'. पानापानावर तेच. म्हणजे बायका नवऱ्याला घाबरतात हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की त्याचा छापील नमुना होता. हे न्यू ऑर्लिन्सला कोणी सांगितलं नसावं. एकीनेही 'भीती आहे' असं म्हटल्याची नोंद मला सापडली नाही.

वही जागेवर ठेवली आणि घरी आले. हार्लन पायरीवर बसलेला होता.

मी शब्द लिहून दिला होता. तू म्हणशील, शब्द काय. पण लोकांनी आपापल्या जमिनी माझ्या शब्दांवर सोडल्या आहेत, आणि स्वतःच्या मुलाला दिलेला शब्द मोडायचा तर मी कोण उरले? त्याने बापाची हरणाच्या शिकारीची बंदूक उचलली, नळीवरून हात फिरवला, "थँक यू, ममा" म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. भांडी घासली.

लॉटीला पापे.

वीडा

•

२० मार्च २०२३

मिस वीडा,

पत्र मिळालं. वाचून मी उभ्याउभ्या अर्धं सँडविच खाल्लं आणि कामाला गेले. इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसाला नऊशे चादरी येतात. दुपारी लक्षात आलं की मला राग आलेला नाही. यायला हवा होता.

कामाची पाळी बदलून घेतली आहे. गाडी आता इमारतीच्या मागे लावते.

लॉटीने काढलेलं चित्र सोबत आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही. मला सध्या लिहू नका.

कोरीन

•

टकर्स क्रॉसिंग
१० नोव्हेंबर २०२३

कोरीन,

लिहू नको म्हणाली होतीस. आठ महिने नाही लिहिलं. आता सांगायलाच हवं असं आहे.

हार्लनची नोकरी गेली, तो ऑगस्टपासून माझ्याकडेच राहतो. तुझं पाकीट मी फ्रीजवर चित्राशेजारी ठेवलं होतं. शिक्का त्याने पाहिला. चूक माझी.

तेव्हापासून तो अधूनमधून बंदूक गाडीत टाकून हायवेने उत्तरेला जातो. राज्याची हद्द येते, डांबराचा रंग काळ्याचा करडा होतो, तिथे अलीकडे पेट्रोलपंप आहे. तिथे गाडी लावून बसतो. तासभर. मग परत येतो. हे त्यानेच सांगितलं, भाजी वाढून घेताना. म्हणाला, "काळजी करू नको ममा, मी कायदा पाळणारा माणूस आहे. करड्यावर चाक जात नाही माझं."

मी कॅलेंडरवर ठिपका दिला, तो जातो त्या प्रत्येक दिवसाला एक. आजवर सात झाले.

मंगळवारी वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टात न्यू ऑर्लिन्सच्या त्या खटल्याचा वाद झाला. निकाल उन्हाळ्यापर्यंत येईल म्हणतात. इथे सगळे त्यावर बोलतात, दुकानात, चर्चमध्ये, जणू फुटबॉलचा सामना आहे. मला कोणी विचारत नाही की मिस वीडा, तुमचं काय मत. बरंच आहे.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. गाडी मागेच लावत जा.

वीडा

•

टकर्स क्रॉसिंग
१८ डिसेंबर २०२३

कोरीन,

हे टाइप करून पाठवतेय, रागावू नको. ओट्याच्या पायरीवरून घसरले. विशेष काही नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात सगळ्यांचं होतं.

लॉटीसाठी लाल फ्रॉक पाठवलाय. मापाचा अंदाजच केला. इथे सगळं ठीक. हरणांचा हंगाम चालू आहे, फ्रीझर भरलाय.

तुम्ही दोघी नाताळात काय करणार?

वीडा

•

मेम्फिस
३ जानेवारी २०२४

मिस वीडा,

फ्रॉक बसला. ती तो अंगावरून काढायला तयार नाही.

तुमच्या पत्रात एकही मोठं अक्षर नाही. माझं नाव लहान अक्षरात, तुमचंही लहान अक्षरात. चर्चच्या स्वयंपाकाची यादीसुद्धा तुम्ही कोर्टाच्या हुकमासारखी टाइप करता. मी ते पत्र टेबलावर ठेवलं. मग माझ्या जबाबाची प्रत काढून शेजारी ठेवली. दोन्ही सारखी दिसतात.

उजवा हात ना? माझाही उजवाच होता.

त्या दिवशी तुम्ही मला काही न विचारता घरात घेतलंत. मीही विचारत नाही. दोन खोल्या आहेत, एक पलंग जास्तीचा आहे. या.

कोरीन

•

टकर्स क्रॉसिंग
१६ जानेवारी २०२४

कोरीन,

भलतंसलतं डोक्यात घेऊ नको. टाइपरायटर जुना आहे, कोर्टाने लिलावात काढला तेव्हा बारा डॉलरला घेतलेला. त्याचं शिफ्टचं बटण मोडलंय, एवढंच. हार्लन माझी नीट काळजी घेतो. काल त्याने सूप केलं. लॉटीचं वाचन कसं चाललंय?

वीडा

•

२४ जानेवारी २०२४

मिस वीडा,

शिफ्टचं बटण मोडलेलं असतं तर शेवटचं प्रश्नचिन्ह उमटलं नसतं. ते शिफ्ट दाबल्याशिवाय येत नाही. पण प्रश्नचिन्हाचं बटण शिफ्टला चिकटून आहे, एकाच हाताच्या दोन बोटांत येतं. मीही त्या वेळी तेवढंच काढू शकले होते.

पलंग अजून रिकामाच आहे.

कोरीन

•

मेम्फिस
२५ जून २०२४

मिस वीडा,

पाच महिने झाले, तुमचं उत्तर नाही. तुम्ही जिवंत आहात हे मला चर्चच्या पत्रकावरून कळतं, त्यात भाजलेल्या गोड पदार्थांच्या स्पर्धेत तुमचा पीच पाय जिंकल्याचं छापलं होतं.

शुक्रवारी निकाल लागला. आठ विरुद्ध एक. मोठं कोर्ट म्हणालं, ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं जजने ठरवलंय, त्याची बंदूक तेवढ्यापुरती काढून घेता येते. जुन्या वह्यांत हुबेहूब असाच कायदा सापडायला हवा असं नाही, त्याच जातकुळीतला असला की पुरे. आणि तसले त्यांना सापडले. धाकदपटशा करणाऱ्याकडून हमी लिहून घ्यायची रीत तेव्हाही होती म्हणे. धुलाईघरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग घरी येऊन कागद काढला. त्याने लांब राहावं म्हणून मिळालेला माझा हुकूम तीन वर्षांचा होता. ११ मेला संपला.

म्हणजे कायदा परत आलाय, पण हार्लनला लागू व्हायला कागदच नाही. नवा हुकूम मागितला तर वकील म्हणते, नवीन धोका दाखवा. माझ्याकडे काय आहे? तो माझ्या दारात आलेला नाही. करड्या डांबरावर त्याचं चाक आलेलं नाही. तो पेट्रोलपंपावर बसतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही त्याच्या आई आहात. मी तुमची साक्ष मागतेय, त्याची मला लाजही वाटत नाही आता. अर्ज केलाय, तारीख १८ जुलैची आहे, जज मेबरींकडेच. तुम्ही आला नाहीत तर मी समजेन आणि परत लिहिणार नाही.

कोरीन

•

टकर्स क्रॉसिंग
२० जुलै २०२४

कोरीन,

हे हाताने लिहितेय. मनगट वाकडंच बसलं, त्यामुळे अक्षर कोंबडीचे पाय झालंय. लावून लावून वाच.

परवा कोर्टात तू समोर होतीस, पण वकिलाने बोलू दिलं नाही, आणि नंतर तू लॉटीला आणायला निघून गेलीस. म्हणून राहिलेलं लिहिते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी 'दिल्या' लिहिलं, किती ते लिहिलं नाही. दोनच दिल्या. ते पिस्तूल दिलं नाही. त्याला सांगितलं, तुझ्या वडिलांच्या भावाने मागून नेलं. आयुष्यात एवढाच लिहिलेला शब्द मोडला. फ्रीझरच्या तळाशी, शेंगांच्या दाण्यांच्या पिशव्यांखाली ठेवलं होतं. नोव्हेंबरअखेर त्याने हरण मारलं, मांस ठेवायला जागा करायला बसला आणि सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या. पिस्तुलावर बर्फ साठला होता. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ममा, तूसुद्धा?" मग मनगट. पुढचं तुला माहीत आहे. पायरीवरून घसरायला आमच्या ओट्याला पायरी एकच आहे, हे तू विसरली असशील.

तुला खोटं लिहिलं ते त्याला वाचवायला नाही. मला वाटलं, खरं लिहिलं की ते झालेलं होईल.

तू विचारशील, मी स्वतःसाठीच का नाही गेले जजकडे. गेले असते. आधी तो कायदा पूर्ण वाचला, सवय आहे. त्या यादीत बायको आहे, सोडलेली बायको आहे, पोराची आई आहे, मूल आहे. स्वतःची आई नाही. माझं मनगट त्याच्या बंदुकांना धक्का लावू शकत नव्हतं. तुझंच नाव लागत होतं.

वकिलाने मला विचारलं, किती वेळा गेला तो हद्दीपर्यंत. मी पर्समधून कॅलेंडर काढलं. एकोणीस ठिपके. जज मेबरींनी चष्मा काढून ते एकेक महिना बघितलं. हार्लन समोर बसला होता, बापाच्या लग्नातल्या कोटात. कोट मीच आदल्या दिवशी इस्त्री करून दिला होता, कारण त्याने मागितला. मी साक्ष देत होते आणि मला दिसत होतं की कॉलर नीट बसलेली नाही. दुसरं काही वाटलं नाही, कोरीन. वाटायला हवं होतं ते कुठे गेलं, कोण जाणे.

नवा हुकूम झाला आणि तू गेल्यावर तो बाहेर दालनात माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं, ओरडेल. म्हणाला, "ममा, संध्याकाळी काय करणार आहेस?" मी म्हटलं, दाणे आणि मक्याची रोटी. म्हणाला, बरं. शेरिफचा माणूस त्याला घेऊन घरी गेला, बंदुका आणायला. तिन्ही आणल्या. त्या आता कोर्टाच्या तळघरात आहेत, माझ्या जुन्या खोलीला लागून.

ताब्याचा कागद वकिलाच्या ऑफिसने आधीच टाइप करून आणला होता. जुन्या फाइलवरून उतरवलेला. 'कायदा त्याला मनाई करतो तोपर्यंत.' माझाच शब्द, स्वल्पविरामासकट. मी पेन मागितलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'जज लेखी सांगेपर्यंत'. जज मेबरींनी बाजूला सही केली. या वेळी हसले नाहीत.

माझ्या साक्षीच्या कागदावर सही करायला पर्लने मला तळघरात नेलं, तिथे खुर्ची बरी आहे. मी तिला म्हटलं, पर्ल, च्युइंगम थुंक आणि मला तो जुना प्रश्न विचार, १८३७ चा. तिला वाटलं, म्हातारीचं काहीतरी. पण विचारला बिचारीने, वही उघडून, अक्षर लावत लावत. "तुम्ही ही सही भीती, धाक किंवा जबरदस्ती यांशिवाय करताय ना?"

म्हटलं, नाही. भीती आहे. म्हणूनच करतेय. तसंच लिही.

ती म्हणाली, "मिस वीडा, असं लिहायला इथे जागाच नाही." मी म्हटलं, समासात लिही. तिने लिहिलं.

परवा आणि काल संध्याकाळी हार्लन जेवला. आज सकाळपासून टेबलाशी बसून आहे, हात समोर ठेवून, माझ्याकडे बघत. मी हे पत्र कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागच्या अंगणात, टोपलीवर कागद ठेवून लिहितेय. गाडीत पेट्रोल आहे. पर्स टोपलीतच आहे. काळं डांबर संपतं तिथे थांबायचं कारण मला तरी नाही.

जानेवारीत तू म्हणाली होतीस, पलंग रिकामा आहे. पोस्टाची पेटी वाटेत लागते, पण हे पत्र तिच्यात टाकत नाही, हातातच घेऊन येते. तुझ्या घराचा पत्ता मला माहीत नाही. इस्पितळाच्या धुलाईघरापाशी विचारत येईन. घेशील ना मला?

वीडा